फादर रिबासांची काच

१

डबी बंद होती, कडीही लागलेली होती. त्यामुळं आत भिंग नसेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही.

१९५४ सालची ज्येष्ठ अमावास्या होती आणि सूर्याला ग्रहण लागायचं होतं. चार दिवस गळणारं आभाळ त्या संध्याकाळी नेमकं उघडलं. ठाण्यात खाडीच्या अंगाला मिशनची एक लहानशी शाळा होती. तिच्या गच्चीवर पितळी दुर्बीण तिपाईवर चढवून ठेवली होती आणि तिच्यामागं एका फळीवर पांढरा कागद ताणून बसवला होता. मुंबईच्या पाद्र्यांच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे फादर रिबास चहा घेऊन वर आले. त्यांनी हात पुढं केला. शाळेचे पास्कल मास्तर खाली प्रयोगाच्या खोलीत जाऊन मखमली डबी घेऊन आले आणि त्यांनी ती फादरांच्या हातात ठेवली. फादरांनी कडी काढली. आत मखमलीला भिंगाच्या आकाराचा खड्डा तेवढा होता.

डोळ्याकडच्या टोकाचं ते भिंग नसलं तर दुर्बीण म्हणजे नुसती नळी. वर राहूनं सूर्याचा लचका तोडला आणि खाली झडती सुरू झाली. पास्कल मास्तरांनी फाटक लावून घेतलं, पिशव्या उलट्या केल्या, खिसे तपासले. बायकांच्या ओट्या सिस्टरनं पाहिल्या. कपाटं, बाकांचे खण, कोळशाची खोली, काही सोडलं नाही. भिंग मिळालं नाही ते नाहीच.

दिवे लागल्यावर सगळ्यांना घरी सोडलं, पण एका मुलीला बजावून. उद्या सकाळी परत यायचं. फादर उद्या दुपारच्या गाडीनं मुंबईला जाणार, तोवर भिंग निघालं नाही तर पोलीस.

ती मुलगी म्हणजे कळव्याची जया. आणि फादर ठाण्याला आले होते ते निम्मे ग्रहणासाठी आणि निम्मे तिच्यासाठी.

२

ठाण्याच्या कोपरीत गोदूबाई आठल्यांना ओळखत नाही असा आईबाप नव्हता. मुलींच्या शाळेत उभा जन्म गणित शिकवून बाई निवृत्त झाल्या, पण लोकांनी त्यांना निवृत्त होऊ दिलं नाही. एस.एस.सी.चा निकाल लागला की त्यांच्या ओटीवर रांग लागे. "बाई, आमच्या पोराला अमुक कॉलेजात जागा मिळेल का?" बाई मार्क विचारत, घरचं विचारत, पोराकडं चष्म्यावरून एकदा पाहत आणि आण्यांत उत्तर देत. "दहा आणे." "सहा आणे, आणि तेही ओळख असली तर." सोळा आणे त्यांनी आजवर कुणाला दिले नव्हते. पुरा रुपया फक्त देवाच्या हातात, असं त्या म्हणत. आणि देवावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता.

जयाला त्यांनी चौदा आणे दिले होते.

हिशेब सरळ होता. पाद्र्यांच्या कॉलेजात आधी त्यांची ख्रिस्ती मुलं, मग मुंबईची साहेबी शाळांतली, मग उरलंसुरलं बाकीच्यांना. पण फादर रिबासांच्या हातात दरवर्षी एक जागा असे, फीमाफ, राहण्याजेवण्यासकट. ती ते मार्कांवर देत नसत. मुलाला कामाला लावत आणि शेजारी उभे राहून पाहत. यंदा त्या जागेसाठी दोघं होती, कल्याणच्या वैद्यांचा उत्तम आणि मिठागरवाल्या काळुरामची जया. जया ठाण्यात पहिली आली होती. वर फादरांनी आधीच बोलून दाखवलं होतं की खाडीकाठच्या गावातली एक मुलगी आपल्या वर्गात बसलेली मला पाहायची आहे. चौदा आणे काही उगीच नव्हते.

ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या भाडेकरणीनं, शकूनं, घरातली पाण्याची भांडी अंगणात आणून पालथी घालायचा सपाटा लावला होता. काल अमावास्येमुळं का कशामुळं, तिला ते संध्याकाळी जमलं नव्हतं.

"अगं, चांगलं पाणी आहे ते. कशाला ओततेस?" बाई म्हणाल्या.

"ग्रहणातलं पाणी प्यायचं का बाई? काहीतरीच तुमचं!" शकूनं हंडा उपडा केला. पाण्याबरोबर टणकन एक चमचा बाहेर पडला. "अगोबाई! हा बघा, संक्रांतीपासून शोधत होते मेला!"

बाईंनी हसून मान फिरवली, तर फाटकाशी काळुराम उभा. काळुरामला एकच डोळा होता. दुसरा पांढराफटक, लहानपणी गेलेला. त्यामुळं तो माणसाशी बोलताना मान कलती धरी. आज ती मान खालीच होती. कालची सगळी हकीकत त्यानं उभ्या उभ्या सांगितली.

"बाई, पोरीनं हात नाय लावला. मना म्हाईत हाय. पन डबी पुसाला तिलाच दिलेली. शेवटची तीच व्हती खोलीत." त्यानं मान वर केली. "तुमी चौदा आने बोललेल्या. आते किती?"

बाई खोटं बोलत नसत. "दोन," त्या म्हणाल्या.

"आन पोलीस आले तं?"

चोरीचा शिक्का बसला की कॉलेज राहू दे, ठाण्यातली शाळाही पोरीला दारात उभी करणार नव्हती. मग जन्मभर मिठागर होतंच. बाईंनी छत्री घेतली, चपला चढवल्या आणि चमच्याकडं बघत उभ्या राहिलेल्या शकूला सांगितलं, "जेवायला थांबू नकोस."

३

शाळेच्या व्हरांड्यात मोठा रांजण होता आणि रांजणाशेजारी भिंतीला टेकून जयाची आई बसली होती. सगुणा. काल दुपारपासून संध्याकाळपर्यंतही ती तिथंच बसली होती. तरण्या पोरीला एकटीला कसं सोडायचं म्हणून कळव्याहून सोबत आलेली. गोदूबाईंनी तिला मान हलवून ओळख दाखवली. जयाला घेऊन काळुराम कोपरीला येई तेव्हाही ही बाई अशीच पायरीवर बसून राही. बाईंशी तिचं कधी बोलणं झालं नव्हतं.

पास्कल मास्तर भिंगापेक्षा अब्रूला जास्त जपत होते. इथल्या जुन्या ख्रिस्ती समाजातले, ईस्ट इंडियन म्हणतात ते, ठाण्याचेच, विज्ञानाचे शिक्षक, आणि शिस्तीचे भोक्ते.

"बाई, हिशेब तुमचाच विषय," ते म्हणाले. "खोलीला दार एकच, ते ह्या व्हरांड्यात उघडतं. फादर चहाला गेले, मी गच्चीवर तिपाई लावत होतो. उत्तम जेवायला घरी गेलेला. जयाला मी डबी पुसायला दिली. ती पुसून वर आली, नंतर मी डबी आणायला गेलो. मधे खोलीत कोण? कोणी नाही. हिची आई स्वतःच सांगते, कोणी आलं नाही."

"तुमची झडती कुणी घेतली?"

मास्तर कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. दुर्बीण ठाण्याच्या शाळेलाच द्यावी म्हणून त्यांनी फादरांकडं दोन वर्षं तगादा लावला होता आणि फादरांनी कालच नाही म्हणून सांगितलं होतं, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. "सिस्टरनं सगळ्यांच्या आधी माझीच घेतली," ते म्हणाले, आणि ते खरं निघालं. सिस्टरनंच तसा हट्ट धरला होता.

म्हणजे भिंग फाटकाबाहेर गेलं नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट बाईंना खटकत होती. चोर डबीसकट माल नेतो. मखमलीच्या डबीतून भिंग तेवढं काढून, कडी पुन्हा लावून ठेवायची, एवढी सवड आणि एवढी नीटस बुद्धी कुठल्या चोराला असते?

जया प्रयोगाच्या खोलीत ताठ उभी होती. रडून झालं होतं. आता राग आला होता.

"मी नाही घेतलं, बाई. घेऊन करू काय? सर्वांत आधी मीच बघणार होते. मास्तर बोलले होते, सूर्य शंभरपट मोठा दिसतो, आणि जया पहिली आली म्हणून पहिला मान तिला. मी कशाला माझ्याच पायावर धोंडा पाडून घेईन? मी डबी पुसली, आतलं फडक्यानं पुसलं, आणि टेबलावर ठेवून..."

इतक्यात शाळेचा शिपाई गुणाजी दारात येऊन कुरकुरला. "मास्तर, त्या कळव्याच्या बाईला तुमी सांगा आता. काल संध्याकाळी पाठ धरलेली, आता परत. ग्रहणाचं पाणी ओतलं का, रांजण उपडा केला का, का नाय केला. माझं डोकं उठवलंन."

"ही अंधश्रद्धा माझ्या शाळेत चालायची नाही," मास्तर गरजले. "घरी काय ओतायचं ते ओता. इथं ग्रहणाला पाणी ओतलं गेलेलं नाही आणि जाणारही नाही. तुला दरवेळी सांगतो की नाही?"

"सांगता की. पोरांना पण पाठ झालंय," गुणाजी पुटपुटत गेला.

बाई जयाकडं वळल्या. "हं, टेबलावर ठेवून?"

पण जयाचं तोंड मिटलं होतं. चेहऱ्यावरचा राग कुणी पुसून घ्यावा तसा गेला होता. बाईंनी दोनदा विचारलं, दटावून विचारलं, शेवटी पाठीवर हात ठेवून विचारलं. ती मुलगी जमिनीकडं बघत राहिली.

आईच्या अडाणीपणाची लाज वाटली असेल पोरीला, बाईंनी मनाशी म्हटलं. आणि इथंच गणिताच्या बाईंची वजाबाकी चुकली.

४

उत्तम आला तो भांग पाडून, खाली मान घालून. दोघांत जागा एक. जया गेली की ती आपसूक ह्याच्या पदरात. असा मुलगा निष्पाप असला तरी त्याच्याकडं दोनदा पाहावंच लागतं.

"काल दुपारी कुठं होतास रे?"

"घरी गेलेलो बाई, कल्याणला. जेवून परत आलो."

"काय होतं जेवायला?"

"नेहमीचंच. वरण-भात, भाजी."

गोदूबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "सूर्यग्रहणाचे वेध पहाटेपासून लागतात. काल कल्याणच्या वैद्यबुवांच्या घरात चूल पेटली? मी ग्रहण पाळत नाही, पण तुझे वडील गावाला पंचांग सांगतात. त्यांनी तुला वेधात भात वाढला?"

उत्तमच्या तोंडचं पाणी पळालं. एकदा पास्कल मास्तरांकडं, एकदा दाराकडं बघून त्यानं कपाळावरचा घाम पुसला.

"खोटं बोलणाऱ्याला फादर जागा देत नाहीत," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि भिंग चोरणाऱ्याला तर जागा दुसरीकडेच मिळते."

"मी नाही घेतलं! देवाशप्पथ! मी... मी स्टेशनाजवळच्या इराण्याकडं होतो." तो रडकुंडीला आला. "घरी काही खायला देईनात. पोटात नुसते कावळे ओरडत होते. आमलेट-पाव खाल्लं बाई. दोन वेळा. बाबांना कळलं तर मला घरात नाही घेणार."

बाईंना हसू आवरेना, पण त्यांनी ते आवरलं. खात्री करायला गुणाजीला इराण्याकडं पिटाळलं. इराण्याला मुलगा पक्का आठवत होता, कारण ग्रहणाच्या दिवशी दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं. फादर चहाला बसले तेव्हा उत्तम इराण्याच्या बाकावर होता.

म्हणजे उत्तमही नाही. मास्तर नाहीत. राहिली जया.

आतल्या खोलीत फादर रिबास सामान बांधत होते. मास्तरांनी सायकल भिंतीपासून काढून उभी केली होती. पोलीसचौकी काही लांब नव्हती. काळुराम फाटकाशी उभ्याचा खाली बसला होता. "दोन आणे," बाईंच्या मनात आलं, आणि तेही आता सायकलवर बसून चालले होते.

५

बाई व्हरांड्यात आल्या. उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. त्यांनी रांजणातून दोन पेले पाणी काढलं, एक स्वतः प्यायल्या आणि दुसरा सगुणापुढं धरला. बिचारीच्या ओठांवर कोरड पडून पापुद्रे आले होते. सकाळी कळव्याहून चालत आली होती.

"घ्या. घोटभर तरी घ्या."

सगुणानं पेल्याकडं बघितलं आणि मान हलवली. "नको बाई. ह्यातलं नको. यी पानी ओताला सांगा ना तुमी. तुमचं आयकतील."

शब्द तेवढेच. पण बोलताना ती बाईंकडं बघत नव्हती. रांजणाच्या काळ्या तोंडाकडं बघत होती. आणि हात असे घट्ट जोडून बसली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

पाण्याचा विटाळ म्हणून कुणी असे हात जोडत नाही. बाईंच्या हातातला पेला तसाच राहिला. अंगणात हंडा उपडा झाला होता. टणकन चमचा पडला होता. संक्रांतीपासून हरवलेला चमचा! ग्रहण सुटलं की घरोघरी रांजण-हंड्यांचा तळ दिसतो; वर्षभर दिसत नाही तो त्या दिवशी दिसतो. सगळ्या घरांत. फक्त ह्या शाळेत नाही.

उत्तर समोर आलं होतं, आणि ते नको होतं.

सायकलची घंटी वाजली.

"मास्तर, थांबा!" गोदूबाई ओरडल्या. वर्गात उभ्या जन्मात त्या अशा ओरडल्या नव्हत्या. फादरही बाहेर आले. "आधी हा रांजण आडवा करा. ग्रहणातलं पाणी आहे. मला चालत नाही."

मास्तरांचा विश्वास बसेना. "बाई, तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा."

"आत्ता तर प्यायलात त्यातलं!"

"म्हणूनच सांगते. कर रे गुणाजी."

मास्तर छद्मी हसले. विज्ञानाची वकिली करणाऱ्या आठल्येबाई अशा निघाल्या, हे आता ठाणेभर होणार होतं. होऊ दे. गुणाजीनं आणि काळुरामनं रांजण दोन्ही बाजूंनी धरून कलता केला. पाणी लोंढ्यानं पायऱ्यांवरून गेलं, मग तळाचा गाळ आला, आणि गाळातून पितळी कड्याचं एक गोल भिंग गडगडत येऊन फादर रिबासांच्या बुटाशी थांबलं.

फादरांनी वाकून ते उचललं, झग्याला पुसलं, उजेडाकडं धरलं. चराही गेला नव्हता.

"बघा!" पास्कल मास्तर म्हणाले. "खोलीतून निघाली, दोन पावलांवर रांजण, टाकलं आत. नंतर सावकाश काढून न्यायचा बेत. आता तरी पटलं?"

जया पुढं आली. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता, पण आवाज स्पष्ट होता.

"हो. मीच टाकलं," ती म्हणाली.

६

रांजण धरून उभ्या असलेल्या काळुरामच्या तोंडून हुंदका फुटला. फादरांनी भिंग डबीत ठेवलं आणि कडी लावली, जणू तिची मुलाखत संपली.

"थांबा फादर," गोदूबाई म्हणाल्या. "मुलगी खोटं बोलतेय. हिनं टाकलेलं नाही."

"बाई, नका!" जया कळवळून म्हणाली.

"मला बोलू दे. चोरी करणारा काय करतो? लपवतो, आणि लपलेलं कुणाला दिसू नये म्हणून जपतो. आणि इथं ज्यानं भिंग आत टाकलं, त्याला ते दिसायला हवं होतं. काल संध्याकाळीच दिसायला हवं होतं. ग्रहण सुटलं की पाणी ओतणार, भिंग निघणार, 'अरे, पडलं असेल आत' असं सगळे म्हणणार. कुणाचं काही जाणार नाही. फक्त ग्रहण असेतोवर दुर्बीण चालणार नाही, एवढंच हवं होतं. पण टाकणाऱ्याला एक गोष्ट माहीत नव्हती. ह्या शाळेत ग्रहणाचं पाणी ओतत नाहीत. गुणाजीला ते माहीत आहे, मास्तरांचाच तो नियम आहे, आणि जया इथंच शिकली. पोरांना तर ते पाठ आहे. ग्रहण सुटल्यावर पाणी न ओतणारं घर जगात असू शकतं, हे ज्याच्या ध्यानीमनी नव्हतं..."

पुढचं नाव बाईंच्या ओठांशी येऊन अडलं. जयाला निर्दोष ठरवायचं तर कुणाला तरी दोषी ठरवावं लागत होतं, आणि तेही तिच्या देखत. गणितात असं कधी होत नसे. गप्प बसावं की काय, असं त्यांना वाटून गेलं.

पण गप्प बसायची वेळ आली नाही. भिंतीपाशी बसलेली सगुणा उठली, पदर सारखा करून फादरांसमोर आली.

"मी टाकली काच. पोर डबी ठेवून गेली, मंग मी आत गेले. पोरीला ठावं पन नव्हतं."

"का?" फादरांनी विचारलं.

सगुणानं नवऱ्याकडं बोट केलं. "ह्यांचा डोला बगा. लहान असताना गरान लागलेला सूर्य मिठागराच्या पान्यात बगितला. सगली पोरा बगत व्हती, ह्यांनी जास्ती येल बगितला. महिन्याभरात डोला गेला." तिनं बोट गच्चीकडं वळवलं. "मास्तर बोलले, नलीत सूर्य शंभरपट मोटा दिसतो. आन पयली बगनार आमची जया. पान्यात बगून यो डोला गेला, तं शंभरपट बगून काय राहील? मी नको बोलले असते तं पोर आयकली असती? आडानी बाई बोलते, बोलली असती. मंग वाटला, काच नसली तं बगनार कशातून? पानी ओततील, काच निघंल. तं तुमी पानीच ओताना! आन पोलीस आनतो बोलाया लागले. काय करू मी?"

आणि इतका वेळ आवरलेलं रडू तिला आवरेना. जया धावत जाऊन आईला बिलगली.

पास्कल मास्तर पुढं सरसावले, पण फादरांनी त्यांना हातानं थांबवलं. त्यांचं मराठी पुस्तकी होतं आणि ते सावकाश बोलत.

"ह्या बाईंचं म्हणणं बरोबर आहे," ते म्हणाले. "त्या नळीला कुणी डोळा लावून सूर्य पाहिला असता तर डोळा जळाला असता. निश्चित. परंतु आम्ही तसं पाहणार नव्हतो. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"मना कोन सांगल?" सगुणा म्हणाली.

मास्तरांनी मान खाली घातली. गोदूबाईंनीही घातली.

फादरांनी गाडीचा विचार सोडला. दुर्बीण पुन्हा गच्चीवर गेली, भिंग जागेवर बसलं, तिच्यामागं पांढऱ्या कागदाची फळी उभी राहिली. ढगांतून ऊन आलं तसा कागदावर एक गोल उजेड पडला, भाकरीएवढा, स्वच्छ. "हा सूर्य," फादर म्हणाले. "आपण ह्याच्याकडे पाठ करून उभे राहायचं आणि कागदाकडे पाहायचं. काल ह्यातला तुकडा खाल्लेला दिसला असता." सगुणानं आधी जयाच्या डोळ्यांवर हात धरला. मग बोटांच्या फटीतून स्वतः पाहिलं. मग हात काढला. काळुरामही जवळ आला आणि चांगला डोळा पुढं करून कितीतरी वेळ त्या भाकरीएवढ्या सूर्याकडं बघत राहिला.

"तुला केव्हा कळलं?" फादरांनी जयाला विचारलं.

"आज सकाळी. आई सारखी पाणी ओता म्हणते असं गुणाजी बोलला तेव्हा."

"मग सांगितलं का नाहीस? जागा गेली असती. पोलीस आले असते."

"सांगितलं असतं तर तुम्ही मला फाटकातून आत घेतलं असतं आणि आईला बाहेर ठेवलं असतं," जया म्हणाली.

फादर रिबास गोदूबाईंकडं वळले. "हिचे वडील सकाळपासून मला आणे सांगत आहेत. आपण हिशेब करता म्हणे. माझ्या बाजूनं जागा हिला दिली. आता किती?"

"पंधरा," बाई म्हणाल्या.

"एक आणा कुठं राहिला?"

बाईंनी मार्क धरले होते, इंग्रजी धरलं होतं, फादरांचा स्वभाव, उत्तमचे वडील, सगळं धरलं होतं. पायरीवर बसणारी बाई तेवढी धरली नव्हती. तिला कधी आत बोलावून विचारलं नव्हतं, तुमची मुलगी मुंबईला पाठवायची का म्हणून. त्यांनी सगुणाकडं पाहिलं. मग फादरांनीही पाहिलं, काळुरामनं पाहिलं, आणि जयानं तर श्वासच धरला.

सगुणा खाली उतरली. व्हरांड्यात गुणाजी विहिरीचं ताजं पाणी रांजणात ओतत होता. तिनं ओंजळ पुढं केली आणि सकाळपासून तहानलेली ती बाई घटाघटा पाणी प्यायली. एक ओंजळ, दुसरी, तिसरी. ओल्या हातानं तोंड पुसून तिनं वर गच्चीकडं बघितलं.

"जया, चल खाली," ती ओरडली. "ऊन हाय तवर परकर धुवाला घे. मुंबईला काय मलकी जाशील?"

कठड्याला धरून गोदूबाईंनी डोळे पुसले आणि काळुरामला हळूच सांगितलं, "सोळा."